फांदी हिरवी, खोड लाल

पुण्यातल्या एका कंपनीत आमची नऊ जणांची टीम होती. शुक्रवार, संध्याकाळची वेळ. हिशेबाच्या प्रणालीत दोन कामं एकाच वेळी चालली होती. एकानं रक्कम रुपयांऐवजी पैशांत साठवायला घेतली होती, दशांशांची कटकट नको म्हणून. दुसरी जीएसटीचा नवा अहवाल लिहीत होती आणि त्यासाठी रक्कम काढणारं तेच फंक्शन वापरत होती. दोघांच्या ब्रँच वेगळ्या, फाइली वेगळ्या, दोन्हींवर बिल्ड हिरवं. पाच चाळीसला पहिली ब्रँच मेनमध्ये गेली, पाच बावन्नला दुसरी. गिटनं एकाही ओळीवर कॉन्फ्लिक्ट दाखवला नाही. सहा वाजता मेन लाल. टेस्टला हवे होते 1,180 आणि हातात पडले 1,18,000.

“अरे, माझ्या ब्रँचवर तर हिरवं होतं.”

“माझ्याही होतं. बघ ना.”

दोघंही खरंच बोलत होते. प्रत्येक ब्रँचचं बिल्ड आपोआप होत होतं आणि प्रत्येक बिल्डनं त्याला विचारलेल्या प्रश्नाचं अचूक उत्तर दिलं होतं. मात्र तो प्रश्न आम्हाला वाटत होता त्यापेक्षा बराच लहान होता. ‘ही ब्रँच, जिथून फुटली त्या जागेपासून पुढे, स्वतःपुरती धड आहे का?’ एवढंच त्या हिरव्या खुणेला माहीत होतं. जीएसटीची ब्रँच फुटून एकोणीस दिवस झाले होते. त्या एकोणीस दिवसांत मेनवर काय काय घडलं, याची त्या खुणेला गंधवार्ता नव्हती.

प्रत्येक फीचर ब्रँचचं आपोआप बिल्ड करण्याची सोय आज इतकी सरसकट झाली आहे की तिच्याबद्दल वेगळं काही बोलावं असं कुणाला वाटत नाही. पण ज्या कल्पनेच्या पोटी ही सोय जन्मली, त्या कल्पनेशीच तिचं भांडण आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ते भांडण बऱ्याच वेगवेगळ्या तऱ्हांनी मिटवून पाहिलं गेलं.

ती कल्पना म्हणजे कंटिन्युअस इंटिग्रेशन (सीआय). हा शब्द ग्रेडी बूच यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला वापरला. त्याला रोजच्या सवयीचं रूप दिलं ते केंट बेक आणि एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगच्या मंडळींनी. मार्टिन फाउलर यांनी 2000 साली मॅथ्यू फोमेल यांच्यासोबत यावर लेख लिहिला आणि 2006 साली तो नव्यानं मांडला. त्यातली मुख्य अट फार साधी होती: प्रत्येकानं आपलं काम दिवसातून निदान एकदा सगळ्यांच्या सामायिक कोडमध्ये मिसळायचं. सर्व्हर, पाइपलाइन, दिवे हे सगळं नंतर. थॉटवर्क्स या कंपनीतून 2001 साली आलेला क्रूझकंट्रोल हा या कामाचा पहिला नावाजलेला सर्व्हर. त्या काळात मेनचं बिल्ड हिरवं की लाल हे सगळ्या खोलीला दिसावं म्हणून टीमा हिरवे-तांबडे लाव्हा लॅम्प लावत असत.

सर्व्हर हवाच असंही नव्हतं. जेम्स शोअर यांनी 2006 साली मांडलेली दिवसाला डॉलरभर खर्चाची पद्धत मला अजूनही आवडते. एक जुना संगणक, एक टेबलावरची घंटी आणि एक रबरी कोंबडी. ज्याच्या हातात कोंबडी, त्यानंच कोड मिसळायचा. आधी सगळ्यांचा ताजा कोड आपल्याकडे घ्यायचा, टेस्ट चालवायच्या, मग कोड चढवायचा, जुन्या संगणकावर पुन्हा टेस्ट चालवायच्या, सगळं नीट झालं की घंटी वाजवायची आणि कोंबडी जागेवर ठेवायची. हसण्यावारी नेण्यासारखी वाटते, पण तिच्यात एक पक्की गोष्ट आहे: एका वेळी एकच माणूस खोडाला, म्हणजे मेनला, हात लावतो आणि त्याच्या टेस्ट चालतात त्या मिसळलेल्या कोडवर. पुढची पंधरा वर्षं उद्योग याच दोन गोष्टी हरवत आणि पुन्हा शोधत राहिला.

हरवण्याचं कारण गिट. त्याआधीच्या सबव्हर्जनमध्ये ब्रँच काढणं स्वस्त होतं, परत जोडणं मात्र जिवावर यायचं. कुठला बदल आधी जोडला याची नोंदसुद्धा 2008 च्या 1.5 आवृत्तीपर्यंत माणसालाच ठेवावी लागे. त्यामुळे लोक ब्रँच काढायला कचरत आणि नाइलाजानं का होईना, खोडावरच काम करत. लिनस टॉरवल्ड्स यांनी एप्रिल 2005 मध्ये गिट लिहायला घेतलं आणि हा धाक गेला. गिटमध्ये ब्रँच म्हणजे एक चिमुकली फाइल: चाळीस अक्षरांचा कमिटचा क्रमांक आणि एक ओळ-तोड, एकूण 41 बाइट. एवढी स्वस्त वस्तू मिळाल्यावर जो तो वेगळी चूल मांडणारच. 2008 मध्ये गिटहब आलं आणि पुल रिक्वेस्ट ही कामाची रूढ पद्धत झाली. जानेवारी 2010 मध्ये व्हिन्सेंट ड्रिसेन यांनी गिट-फ्लो मांडलं. त्यात डेव्हलप, रिलीज, हॉटफिक्स आणि फीचर अशा ब्रँचचं अख्खं गोत्र होतं. त्याचं चित्र कित्येक टीमांच्या भिंतीवर लागलं. दहा वर्षांनी, मार्च 2020 मध्ये, खुद्द ड्रिसेन यांनीच त्या लेखाला पुस्ती जोडली की सतत वेबवर चढणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी याहून साधी पद्धत घ्या. भिंतीवरची चित्रं मात्र जागच्या जागी राहिली.

कामाची पद्धत बदलली, तरी सर्व्हर जुन्याच वळणाचे होते. कोहसुके कावागुची यांनी सन या कंपनीत असताना लिहिलेला हडसन 2005 साली बाहेर आला. सन ओरॅकलकडे गेल्यावर नावावरून वाजलं आणि 2011 मध्ये त्याचा जेंकिन्स झाला. पण जेंकिन्समधला एक जॉब म्हणजे एका ब्रँचचं बिल्ड. नवी ब्रँच निघाली की कुणीतरी वेब-पानावर जाऊन जुन्या जॉबची नक्कल करायची, ब्रँचचं नाव बदलायचं, ब्रँच संपली की आठवणीनं जॉब पुसायचा. दुसरं कुणी करत नसेल तर हे काम टीममधल्या सर्वांत नव्या माणसाकडे यायचं. माझ्याकडे आलं होतं. सहा महिन्यांनी यादीत दोनशे जॉब होते आणि त्यांतल्या दीडशेंच्या ब्रँच केव्हाच मेल्या होत्या.

मग ठिकठिकाणी लोकांनी स्क्रिप्टा लिहिल्या. गिटकडून ब्रँचची यादी घ्यायची, जेंकिन्सकडून जॉबची यादी घ्यायची आणि फरक भरून काढायचा. जेटब्रेन्सच्या टीमसिटीनं 2012 मध्ये 7.1 आवृत्तीत ही सोय अंगभूत केली: नावांचा एक साचा द्या, त्यात बसणारी प्रत्येक ब्रँच त्याच जॉबखाली आपोआप बिल्ड होईल. ट्रॅव्हिस सीआयनं 2011 पासून वेगळाच मार्ग धरला होता. बिल्डची कृती सर्व्हरवर न ठेवता कोडच्या शेजारी, एका फाइलमध्ये ठेवायची. हा बदल दिसायला किरकोळ, पण तो निर्णायक ठरला. कृती कोडसोबत असली की ब्रँचसोबत तीही फुटते. एखाद्या ब्रँचला जावाची नवी आवृत्ती हवी असेल तर ती स्वतःपुरती कृती बदलते, बाकीच्यांना धक्का लागत नाही. एप्रिल 2016 मधल्या जेंकिन्स 2.0 नं पाइपलाइन मध्यभागी आणली. पाठोपाठ, ज्या ब्रँचमध्ये जेंकिन्सफाइल, म्हणजे अशी कृतीची फाइल, सापडेल तिचा जॉब आपोआप उभा करायचा आणि ब्रँच गेली की मोडायचा, ही रीत रूढ झाली. गिटलॅबनं सप्टेंबर 2015 मध्ये सीआय आपल्या पोटात घेतलं, गिटहबचं अॅक्शन्स नोव्हेंबर 2019 पासून सर्वांसाठी खुलं झालं. तिथपासून ‘प्रत्येक ब्रँचचं बिल्ड’ ही मुद्दाम करायची गोष्ट उरली नाही. नको असेल तर बंद करावी लागते.

यंत्रणा आतून फार गूढ नसते. पुश झाला की गिटचा सर्व्हर एक वेबहुक मारतो; सीआय रनर उठवतं; रनर कंटेनरमध्ये कोड उतरवून घेतो, बहुतेकदा इतिहास न घेता फक्त शेवटचा कमिट; मग बिल्ड, टेस्ट आणि शेवटी त्या कमिटवर एक खूण चिकटवतो. खूण ब्रँचवर नसते, कमिटवर असते. हे बारीक वाटतं, पण लक्षात ठेवावं.

खरी गोम ‘कोड उतरवून घेतो’ या तीन शब्दांत आहे. कुठला कोड? ब्रँचचं टोक, की ते टोक मेनशी मिसळल्यावर जे होईल ते? जेंकिन्समध्ये गिटहबचा स्रोत जोडताना हा पर्याय उघडच विचारला जातो: पुल रिक्वेस्टचा कोड जसाच्या तसा घ्या, मेनशी मिसळून घ्या, किंवा दोन्ही. घाईत सेटअप करणारा माणूस जे आधीपासून निवडलेलं असतं त्याला हात लावत नाही. गिटहब अॅक्शन्स पुल रिक्वेस्टसाठी मिसळलेला तात्पुरता कमिट घेतं, नुसत्या पुशसाठी टोक. गिटलॅबमध्ये मिसळलेल्या निकालावर पाइपलाइन चालवण्याची सोय पैसे भरणाऱ्यांनाच मिळते. एकाच आकाराच्या, एकाच रंगाच्या खुणेमागे दोन अगदी वेगळी विधानं असू शकतात. आमच्याकडे टोकाचं बिल्ड होत होतं. आपण मिसळलेल्याचं करतो आहोत, असा सगळ्यांचा समज होता.

आणि मिसळलेलं असलं तरी पुरत नाही. ते मिसळणं पुशच्या क्षणाचं. मेन त्यानंतर पुढे सरकला तर जुनी खूण तशीच हिरवी राहते. बिल्ड पुन्हा होत नाही. मंगळवारी मिळालेलं हिरवं शुक्रवारी मर्जच्या बटणाशेजारी ताठ उभं असतं. शिवाय दहा ब्रँच उघड्या असतील तर त्यांच्या जोड्या होतात 45, आणि कुठल्या ब्रँच एकत्र येतील याच्या सगळ्या शक्यता धरल्या तर 1,023. एवढी बिल्डं कुणीच करत नाही, करूही नये. म्हणजे ब्रँचचं बिल्ड तत्त्वतःच अपुरं. ते किती अपुरं हे ठरतं ब्रँच किती दिवस जगते यावर.

इथेच जुन्या मंडळींचा आक्षेप येतो. फाउलर यांनी 2009 मध्येच फीचर ब्रँचवर टीका केली होती. थॉटवर्क्सच्या तंत्रज्ञान-रडारनं तर ‘सीआयचं नाटक’ असंच नाव दिलं: सर्व्हर आहे, हिरव्या खुणा आहेत, पण कोड आठवडेच्या आठवडे वेगळा, म्हणजे सतत एकत्र येण्याऐवजी सतत एकटं राहणं. डोरा या संशोधन गटाचं कामही त्याच बाजूला झुकतं. निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल आणि जीन किम यांच्या 2018 च्या पुस्तकात चांगली कामगिरी करणाऱ्या टीमांचं लक्षण म्हणून तीनपेक्षा कमी चालू ब्रँच आणि एका दिवसाहून कमी आयुष्य असं सांगितलं आहे.

मला हा आक्षेप निम्माच पटतो. तो लिहिणारे लोक एका खोलीत बसणाऱ्या, एकमेकांवर विश्वास असलेल्या टीमांचा विचार करतात. मुक्त स्रोताच्या जगात बदल पाठवणारा माणूस कोण, कुठला, टेस्ट चालवून पाठवतो की देवाच्या भरवशावर, काही ठाऊक नसतं. पूर्वी प्रकल्प सांभाळणाऱ्यानं प्रत्येक पॅच आपल्या यंत्रावर उतरवून स्वतः चालवून पाहायचा; संध्याकाळ त्यातच जायची. आता आलेल्या बदलाशेजारी खूण असते आणि माणूस थेट कोड वाचायला बसतो. नव्या माणसालाही ‘तुझ्या चौथ्या ओळीमुळे विंडोजवर फुटतं’ हे यंत्रानं सांगितलेलं बरं, माणसानं चारचौघांत सांगण्यापेक्षा. ब्रँचचं बिल्ड ही चाळणी म्हणून उत्तम आहे. तिला एकत्रीकरण म्हणू नये, एवढंच.

लिनक्सच्या कर्नलमध्ये हा फरक जितका स्वच्छ दिसतो तितका दुसरीकडे क्वचितच. तिथे शेकडो उपप्रणालींचे सांभाळकर्ते आपापलं झाड वाढवतात. इंटेलचा झिरो-डे रोबो ही झाडं धुंडाळत असतो. कुणी ब्रँच पुढे ढकलली की ती वेगवेगळ्या रचनांवर बिल्ड करतो आणि फुटलं तर नेमक्या कमिटपर्यंत माग काढून त्याच्या लेखकाला ईमेल करतो. ही झाली फांद्यांची तपासणी. तिच्याबरोबर, फेब्रुवारी 2008 मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या स्टीव्हन रॉथवेल यांनी लिनक्स-नेक्स्ट हे झाड सुरू केलं. टॉरवल्ड्स यांच्या ताज्या कोडपासून कामाच्या दिवशी रोज नवी सुरुवात करायची, त्यावर एकामागून एक सगळी झाडं मिसळायची, मधे मधे बिल्ड करत जायचं. अमुक झाड मिसळल्यावर बिल्ड फुटलं की त्याच विषयाचं पत्र संबंधितांना जातं आणि त्या दिवसापुरती त्या झाडाची आदल्या दिवशीची आवृत्ती घेऊन गाडी पुढे जाते. दुसऱ्या दिवशी कालचं सगळं टाकून पुन्हा पहिल्यापासून. जे अजून कुणी मर्ज केलेलं नाही त्याचा रोजचा गोषवाराच हा. कर्नलची आवृत्ती नऊ-दहा आठवड्यांनी निघते आणि तिच्यात दहा हजारांहून जास्त कमिट असतात. दोन आठवड्यांच्या मर्जच्या खिडकीत ते सगळं निभतं, याचं बरंचसं श्रेय या कष्टाळू, रोज टाकून द्यायच्या झाडाला आहे. लांब जगणाऱ्या ब्रँच टाळता येत नसतील तर काय करायचं, याचं माझ्या पाहण्यातलं हे सर्वांत प्रामाणिक उत्तर. कंपन्यांमध्ये ते कुणी उचलत नाही, कारण रोज टाकून द्यायच्या कामासाठी माणूस मागितला की व्यवस्थापक आपल्याकडे चमत्कारिक नजरेनं बघतो.

पैशाचंही बोलावं लागतं. दहा जण, प्रत्येकी दिवसाला सहा पुश, प्रत्येक बिल्ड 25 मिनिटांचं. गुणाकार केला की 1,500 मिनिटं, म्हणजे दिवसाला 25 तास. दिवसात नाहीत इतके. म्हणून चार-पाच रनर, म्हणून बिल. त्यावर पहिला उपाय फुकटाचा आहे: त्याच ब्रँचवर नवा पुश आला की जुनं चालू बिल्ड मारून टाकायचं. दुसरा, ज्या भागाला हात लागला नाही त्याच्या टेस्ट गाळायच्या. यात एक खोडा आहे. मर्जसाठी सक्तीची केलेली तपासणी गिटहबवर फाइलींच्या चाळणीमुळे सुरूच झाली नाही, तर ती ‘प्रलंबित’ म्हणून अडून बसते आणि दस्तऐवजातली एक वेलांटी दुरुस्त करणारी पुल रिक्वेस्ट कायमची लटकते. मग कुणीतरी त्याच नावाचा, काहीही न करता हिरवं म्हणणारा रिकामा जॉब लिहितो. मी लिहिला आहे. वाईट वाटलं, पण लिहिला.

ब्रँचच्या नावांनीही छळलं आहे. माणसं नावात तिरकी रेघ घालतात; जेंकिन्स कामाच्या फोल्डरचं नाव करताना तिचं टक्का-दोन-एफ करायचा आणि टक्क्याचं चिन्ह पाहून बिचारी जुनी साधनं कोसळायची. डॉकरच्या टॅगमध्ये तिरकी रेघ चालत नाही. प्रत्येक ब्रँचला स्वतःचा वेबपत्ता द्यायचा म्हटलं तर त्या पत्त्याचा एक भाग 63 अक्षरांपलीकडे जाऊ शकत नाही. म्हणून गिटलॅब नावाचं एक सोवळं रूप करून देतं: लहान रोमन अक्षरं आणि आकडे ठेवायचे, बाकी सगळ्याची आडवी रेघ, 63 ला कात्री. गिटला देवनागरी नावं चालतात. एका मित्रानं हौसेनं ब्रँचला ‘दिवाळी-सवलत’ असं नाव दिलं होतं. या नियमातून गेल्यावर त्या नावाचं काहीच उरत नाही. दिवाळीही गेली आणि सवलतही.

ब्रँचमागे एक तात्पुरती साइट उभी करण्याची चैन मात्र मला मनापासून आवडते. परीक्षण करणाऱ्याला कोड वाचता येत नसला तरी दुवा उघडून ‘बटण डावीकडे हवं होतं’ असं म्हणता येतं. अडतं ते डेटाबेसपाशी, कारण ब्रँचनं तक्त्याचा एक रकाना काढून टाकला असेल तर सामायिक डेटाबेस सगळ्यांचाच मोडतो.

बिल्डं वाढली की फ्लेकी टेस्टचा उपद्रवही वाढतो. तोच कोड, तीच टेस्ट, कधी हिरवी कधी लाल. गूगलमधल्या जॉन मिको यांनी 2016 मध्ये सांगितलं की त्यांच्याकडे सर्व टेस्ट-फेऱ्यांपैकी सुमारे 1.5 टक्के निकाल असे डळमळीत असतात आणि जवळजवळ 16 टक्के टेस्टमध्ये थोडाफार तरी हा दोष आहे. हिरव्याचं लाल होण्याच्या घटनांपैकी 84 टक्क्यांत अशी एखादी टेस्ट गुंतलेली. साधं गणित करून पाहा. तुमच्याकडे 500 टेस्ट आहेत आणि प्रत्येक हजारात एकदाच विनाकारण पडते. तरी दर पाच बिल्डांपैकी जवळजवळ दोन लाल होतील. माणसं मग ‘पुन्हा चालवा’ हे बटण दाबायला शिकतात, आणि एकदा ती सवय लागली की खऱ्या लाल खुणेलाही तेच बटण मिळतं. पूर्वी आठ दिवसांतून एकदा लाल झालेलं बिल्ड सगळी टीम उठून पाहायची. आता दिवसाला चाळीस लाल खुणा येतात आणि जो तो आपल्यापुरती झटकतो.

सुरक्षेची बाजू मी इथे थोडक्यात सांगतो, पण तिचं वजन कमी नाही. आलेल्या प्रत्येक ब्रँचचं आपोआप बिल्ड करणं म्हणजे अनोळखी माणसाचा प्रोग्रॅम आपल्या यंत्रावर, आपल्या विजेवर, कधी कधी आपल्या गुपित किल्ल्यांसह चालवणं. 2020-21 मध्ये फुकट सीआयवर क्रिप्टो-नाणी खणणाऱ्यांची धाड पडली: खोटी पुल रिक्वेस्ट उघडायची, बिल्डच्या नावाखाली खाणकाम. ट्रॅव्हिसनं नोव्हेंबर 2020 मध्ये फुकट वापराला लगाम घातला, गिटहबनं एप्रिल 2021 पासून पहिल्यांदाच योगदान देणाऱ्याचं बिल्ड सांभाळकर्त्याच्या मंजुरीशिवाय चालवणं थांबवलं, गिटलॅबनं मे 2021 पासून नव्या फुकट खात्यांना आधी कार्ड पडताळायला लावलं. त्याहून नाजूक प्रकार गिटहबच्या ‘पुल रिक्वेस्ट टार्गेट’ या घटनेचा. ती मूळ प्रकल्पाच्या अधिकारानं चालते, म्हणून किल्ल्या तिच्या हातात असतात. तिच्यात कुणी पाहुण्याचा कोड उतरवून बिल्ड केला की घर मोकळं. एकाच ओळीची चूक, आणि चांगल्या चांगल्या प्रकल्पांनी केलेली.

मग मिसळण्याच्या प्रश्नाचं काय? आधी लोकांनी सक्ती करून पाहिली: ब्रँच मेनच्या अगदी ताज्या टोकावर असल्याशिवाय मर्ज होणार नाही. जीएसटीच्या प्रकारानंतर आम्हीही केली. कागदावर चोख. प्रत्यक्षात चौघं जण मर्जला उभे असतात. एक जिंकतो, बाकी तिघांची खूण शिळी होते. तिघं पुन्हा आपली ब्रँच ताज्या टोकावर आणतात, म्हणजे रिबेस करतात, 25 मिनिटं थांबतात. त्यांतला एक जिंकतो. जेवणाच्या सुट्टीत मर्ज उरकून घेणारे हुशार लोक तेव्हा जन्माला आले.

याचं उत्तर म्हणजे मर्जची रांग. ओपनस्टॅकनं 2012 मध्ये झूल हा सर्व्हर त्यासाठी लिहिला. रस्ट भाषेच्या प्रकल्पात ग्रेडन होअर यांनी बॉर्स नावाचा रोबो बसवला. तो मंजूर बदल मेनशी मिसळतो, टेस्ट मिसळलेल्या कोडवर चालवतो आणि पास झालेला तोच कमिट मेनवर सरकवतो. जे तपासलं तेच मेनवर गेलं, मधे कुणाला घुसायला जागा नाही. गिटलॅबनं 2019 मध्ये मर्जच्या गाड्या आणल्या, गिटहबची रांग जुलै 2023 मध्ये अधिकृतपणे खुली झाली. उबरच्या अभियंत्यांनी 2019 मध्ये त्यांच्या रांगेवर शोधनिबंधच वाचला.

रांगेची अडचण तिच्या वेगाची. एक बिल्ड 20 मिनिटांचं आणि एकेकच आत सोडायचा तर आठ तासांत 24 मर्ज. त्यापुढे अटकळ बांधावी लागते. झूल असं धरून चालतो की पहिला पास होणारच. म्हणून दुसऱ्याचं बिल्ड मेन अधिक पहिला अधिक दुसरा असं, तिसऱ्याचं तिघांसह, सगळी एकाच वेळी सुरू. पहिला पडला की त्याच्या मागची सगळी रद्द आणि त्याला वगळून पुन्हा. रस्टमध्ये पूर्ण टेस्टना काही तास लागतात, म्हणून किरकोळ बदलांची मोट बांधून एकदमच पाठवतात. मोट पडली तर दोषी शोधायला पुन्हा तिची फोड. आणि या सगळ्यात एक फ्लेकी टेस्ट घुसली की निरपराध माणूस रांगेतून बाहेर फेकला जातो.

दुसरी वाट ब्रँचच नको म्हणणाऱ्यांची. गूगलच्या एकाच भांडारात, 2016 च्या वृत्तांतानुसार, दोन अब्ज ओळी, 25 हजार विकासक आणि दिवसाला सुमारे 40 हजार कमिट होते, त्यांतले 16 हजार माणसांचे. तिथे विकासाच्या ब्रँच जवळजवळ नाहीतच. अर्धवट काम खोडावरच असतं, फक्त स्विचमागे झाकलेलं. फ्लिकरच्या मंडळींनी 2009 मध्ये हीच पद्धत खुलेपणानं सांगितली होती. पण स्विचही फुकट नसतो. 1 ऑगस्ट 2012 रोजी शेअर बाजारातल्या नाइट कॅपिटल या कंपनीनं एक जुना स्विच नव्या कामासाठी वापरला. आठांपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढायचा राहिला होता आणि त्या स्विचनं तिथला कित्येक वर्षं पडून असलेला मेलेला कोड जागा केला. पाऊण तासात 44 कोटी डॉलरहून जास्त गेले. ब्रँच निदान डोळ्यांना दिसते. स्विचची अवस्था मात्र कुणाच्या डोक्यात असते, तीही बहुधा नोकरी सोडून गेलेल्याच्या.

कुणी सल्ला विचारला तर मी आधी त्याच्या जुन्यात जुन्या उघड्या ब्रँचचं वय विचारतो. दोन-तीन दिवसांच्या आत असेल तर कुठलंही सीआय चालेल, टोकाचं बिल्डसुद्धा. त्याहून जुनी असेल तर पुढचा प्रश्न बिल्ड टोकाचं की मिसळलेल्याचं. बहुतेकांना उत्तर पाहून यावं लागतं. मर्जची रांग मी दिवसाला दहाएक मर्ज होत असतील तरच सुचवतो. तोवर तिची देखभालच जड जाते.

आमच्याकडे दिवसाला पाच-सहाच होत. त्या शुक्रवारनंतर, रिबेसच्या शर्यतीला कंटाळून, मी शोअर यांची कोंबडी आठवून तुळशीबागेतून एक लाकडी बैल आणला. ज्याच्या टेबलावर बैल त्यानंच मर्ज करायचं: मेन ओढून घ्यायचा, मिसळायचं, टेस्ट चालवायच्या, मर्ज, मग बैल खिडकीत. पहिल्या आठवड्यात सगळे हसले, दुसऱ्या आठवड्यात ‘बैल कुणाकडे आहे रे?’ हा प्रश्न रूढ झाला. आठ महिने चाललं. घरून काम सुरू झालं तेव्हा बैलाची जागा चॅटमधल्या एका संदेशानं घेतली, आणि टीम चाळीसवर गेल्यावर खरी रांग आली.

मागच्या पावसाळ्यात एका सकाळी ती रांग चालवणारी सेवाच बंद पडली. अकरा बदल अडकले. नवीन लागलेल्या मुलीनं विचारलं, “सर, आता मर्ज कसं करायचं?” मी खिडकीकडे पाहिलं. बैलाचं एक शिंग मोडलं होतं आणि पाठीवर धूळ होती.

“तो घे,” म्हटलं, “आणि तुझं झालं की मागच्या टेबलावर दे.”